विडंबनपट टिकतो तो कशामुळे?

रिकामटेकडा:
‘एअरप्लेन!’ (१९८०) आजही हसवतो, कारण त्यात पडद्यावरचं कुणीच विनोदी वागत नाही. झकर बंधू आणि जिम अब्राहम्स या दिग्दर्शकांनी ‘झिरो अवर!’ (१९५७) या कमालीच्या गंभीर चित्रपटाचे हक्कच घेतले आणि गोष्ट जवळपास तशीच ठेवली. मासे खाऊन वैमानिक आडवे, विमान उतरवणार युद्धाने खचलेला माणूस. लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक हे तोवर गंभीर भूमिका करणारे नट. मूळ चित्रपट आज कुणी पाहिलाय? तरी हसू येतंच.

खडूस काका:
येतं, पण त्यातलं जुन्या आठवणींचं किती? कॉफीच्या जाहिरातीची टर, सत्तरच्या दशकातल्या आपत्तीपटांची टिंगल, हे भाचीला समजावून सांगावं लागलं. समजावलेला विनोद मेलेला असतो. आणि दोन कृष्णवर्णीय प्रवाशांच्या बोलीवरचा तो प्रसंग? आज अवघडायला होतं.

रिकामटेकडा:
ते संवाद नॉर्मन गिब्ज आणि अल व्हाइट या नटांनी स्वतःच रचले होते. फजिती त्यांची नाहीच. गंमत आहे ती मध्येच उठून दुभाषी होणाऱ्या सोज्ज्वळ गोऱ्या बाईंची.

तिसरी घंटा:
तुम्ही दोघं विमानातच अडकलात. उर्मटपणाचं काय? माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या, येशूच्या काळात घडणाऱ्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’मधून (१९७९) ईएमआय या निर्मिती कंपनीने आयत्या वेळी अंग काढलं, पैसे उभे केले बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने. नॉर्वेत बंदी आली, तर स्वीडनमध्ये ‘इतका विनोदी की नॉर्वेत बंदी’ अशी जाहिरात! वास्तविक त्यात येशूची टर नाहीच. टर आहे अनुयायांची आणि जवळपास एकाच नावाच्या, एकमेकांवर खार खाणाऱ्या गटांची. (त्यासाठी ज्यूडियाला कशाला जायचं, आपल्याकडची मंडळं बघा.)

खडूस काका:
ब्रायन मान्य. पण पायथनचे टीव्हीवरचे ४५ भाग सलग बघून दाखवा. मेलेल्या पोपटाचं प्रहसन सगळ्यांना आठवतं, मधलं भरताड कुणालाच नाही. हे टिकणं नव्हे, निवडक आठवणी.

रिकामटेकडा:
भरताड आहे, नाकारत नाही. पण पायथनच्याच ‘होली ग्रेल’ चित्रपटातल्या (१९७५) नारळाच्या करवंट्या घ्या. घोडे आणायला पैसे नव्हते म्हणून टापांचा आवाज करवंट्यांनी काढला, आणि राजा आर्थर त्या नसलेल्या घोड्यावर पूर्ण इभ्रतीने बसतो. पुन्हा तेच, चेहरा गंभीर.

खडूस काका:
मग नील्सनचे शेवटचे चित्रपट का पडले? चेहरा तोच होता ना?

तिसरी घंटा:
तोवर तो विनोदी नट म्हणून प्रसिद्ध झाला होता, काका. त्याच्या गंभीर चेहऱ्यावर विश्वास ठेवणार कोण?