मदत हवी आहे: शूट सांभाळू की शिवणकाम?

मी प्लस-साइझ मॉडेल. शिवाय सदाशिव पेठेत दोन मशिनींवर हातमागाच्या कपड्यांचा छोटा ब्रँड चालवते. शूटचा फोन आदल्या रात्री येतो, पहाटे मुंबई गाठायची. इकडे शिवणारे मास्तर खोळंबतात. कारण खणाच्या कापडाचा पन्हा (रुंदी) लहान, ४८ इंच छातीला जोड द्यावाच लागतो. लहान मापाचा पॅटर्न नुसता वाढवला की मुंढा (बाही जोडतात तो भाग) लोंबतो. म्हणून प्रत्येक ट्रायल माझ्याच अंगावर (फुकटची मॉडेल, दुसरं काय!). मोठ्या मापाचं कटिंग माझ्याविना निभावतील असे मास्तर कोथरूड-कर्वेनगरकडे कुणाला माहीत आहेत का? त्यांना पगारावर ठेवावं की नगावर? आणि 'चार दिवस आधी कळवा' असं एजन्सीला सांगितलं तर कामं तुटतात का? अनुभव असेल तर प्लीज सांगा. दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर आहेत.