२०२६ चा फुटबॉल वर्ल्ड कप कोण जिंकणार? आपापली भाकितं आणि त्यामागचा हिशोब सांगा

११ जूनला मेक्सिको सिटीत पहिला सामना आहे, म्हणजे आपल्याकडे १२ तारीख उजाडल्यावर रात्री साडेबाराला. यंदा ४८ संघ आणि १०४ सामने. ऑफिसांत, तालमींत, घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तक्ते फिरायला लागले असतील. तेव्हा ज्यांनी ज्यांनी आजवर अशी भाकितं केली आहेत त्यांनी इथे लिहावं. नुसतं "ब्राझील" लिहून निघून जाऊ नका. काय बघून ठरवलंत आणि पुढे काय झालं, तेही सांगा.

सुरुवात माझ्यापासून करते. आमच्या पुण्यातल्या ऑफिसात २०१६ च्या युरो कपला पैज लावली होती, पैशाची नाही, मिसळीची. अचूक स्कोअरला ३ गुण, नुसता निकाल बरोबर आला तर १. विजेत्याचं नाव बाद फेरी सुरू होण्याआधी द्यायचं. बहुतेकांनी जर्मनी, फ्रान्स किंवा स्पेन दिलं. अकाउंट्समधल्या एका मॅडमनी बाद फेरीचा तक्ता प्रिंट करून घेतला आणि मधोमध पेन्सिलीने रेघ मारली. रेघेच्या एका बाजूला जर्मनी, इटली, स्पेन, फ्रान्स आणि इंग्लंड असे सगळे एकत्र. दुसऱ्या बाजूला क्रोएशिया, पोलंड, वेल्स, बेल्जियम आणि पोर्तुगाल. त्यांनी पोर्तुगाल लिहिलं.

पोर्तुगाल तिथे कसं पोहोचलं तेही बघा. गटातले तिन्ही सामने बरोबरीत सुटले होते. शेवटच्या दिवशी आइसलँडने ऑस्ट्रियाविरुद्ध भरपाई वेळेत गोल केला, त्यामुळे आइसलँड दुसरं आणि पोर्तुगाल तिसरं आलं. तो गोल झाला नसता तर पोर्तुगालची गाठ इंग्लंडशी पडली असती आणि पुढचा सगळा रस्ता जड बाजूने गेला असता. अंतिम सामन्यात रोनाल्डो २५व्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर गेला, तरी १०९व्या मिनिटाला एडरने गोल मारला आणि मॅडमची मिसळ पक्की झाली. तेव्हापासून मी संघाआधी त्याचा पुढचा रस्ता बघते. समोर कोण कोण येणार ते कळल्याशिवाय विजेत्याचं नाव मी लिहीत नाही.

एक सूचना: पैज लावताना निकाल ९० मिनिटांचा धरायचा की जादा वेळ धरून १२० मिनिटांचा, हे आधीच लिहून काढा. पोर्तुगालने त्या स्पर्धेत ९० मिनिटांत एकच सामना जिंकला होता, वेल्सविरुद्धचा. या एका नियमावरून आमच्याकडे जितके वाद झाले तितके ऑफसाइडवरूनही झाले नसतील.

मंगळवार पेठ, कोल्हापूर

आमच्याकडं वर्ल्ड कप म्हणजे अर्जेंटिना नाहीतर ब्राझील. गल्लीच्या या टोकाला निळे-पांढरे पट्टे, त्या टोकाला पिवळा. शाहू स्टेडियमवर पेठेची टीम खेळताना जेवढा जीव वर-खाली होतो, तेवढाच मेस्सीसाठी होतो. त्यामुळं विजेता कोण हे आम्ही डोक्यानं ठरवत नाही, ते वडिलांपासून ठरलेलं आहे. माझ्या वडिलांनी १९८६ ला दूरदर्शनवर मॅराडोना बघितला आणि घराचा रंग तिथंच ठरला.

पण बाकीच्या सामन्यांची चिठ्ठी भरायची असते तेव्हा आमच्यातले जुने खेळाडू एकच विचारतात, "गोली कोण हाय?" बाद फेरीत सामना पेनल्टीवर गेला की कागदावरची ताकद संपते. क्रोएशिया बघा. २०१८ ला डेन्मार्क आणि रशिया, २०२२ ला जपान आणि ब्राझील, चौघांना पेनल्टीवर घरी धाडलं. चहागाडीवरच्या पेटीत क्रोएशिया-ब्राझील सामन्याच्या ज्या चिठ्ठ्या पडल्या होत्या, त्यात क्रोएशियाचं नाव फक्त तालमीच्या फुटबॉल टीमच्या जुन्या गोलकीपरनं लिहिलं होतं. क्रोएशियाच्या गोलीनं, लिवाकोविचनं, जपानच्या तीन पेनल्टी अडवलेल्या त्यानं बघितल्या होत्या. ती चिठ्ठी उघडली तेव्हा ब्राझीलवाल्यांची गल्ली इतकी गप्प होती की आम्हालाही शिट्ट्या मारवल्या नाहीत.

आणि आमचा अर्जेंटिनाचा गोली एमिलियानो मार्टिनेझ! २०२२ च्या अंतिम सामन्यात १२३व्या मिनिटाला फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका त्यानं डाव्या पायानं अडवला. तो गेला असता तर पेनल्टीही नाही आणि कपही नाही.

दोहा, मूळ सोलापूर

अर्जेंटिनाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २०२२ च्या वर्ल्ड कपात सौदीविरुद्धच्या सामन्याला मी लुसैल स्टेडियमवर होतो. अर्जेंटिना सलग ३६ सामने हरली नव्हती, सगळ्यांच्या भाकितात ३-०, ४-०. दहाव्या मिनिटाला मेस्सीची पेनल्टी झाली, त्यानंतर पहिल्या अर्ध्यातच अर्जेंटिनाचे आणखी तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले. टीव्हीवर ते नशीब वाटलं असेल. वरच्या खुर्चीवरून सौदीची बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत चढलेली स्पष्ट दिसत होती. चौघं एकदम पुढे सरकायचे, एकही मागे राहायचा नाही, मग पास सुटताना त्यांच्या मागे असलेला अर्जेंटिनाचा खेळाडू ऑफसाइड ठरायचा. मध्यंतरानंतर पाच मिनिटांच्या फरकाने दोन गोल आणि २-१.

दुसऱ्या दिवशी सौदीत सुट्टी जाहीर झाली आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी अर्जेंटिनावर फुली मारली. पुढे सौदी पोलंडकडून आणि मेक्सिकोकडून हरून गटात तळाला गेलं. म्हणून माझं सांगणं, पहिल्या सामन्यावरून कुणाला खोडू नका. २०१० ला स्पेनही पहिला सामना स्वित्झर्लंडकडून हरलं होतं आणि कप घेऊनच गेलं.

नागपूर

यात महिलांचा वर्ल्ड कप कुणीच घेतला नाही, म्हणून लिहिते. मी कॉलेजच्या संघात खेळायचे. २०२३ ला स्पेन गटात जपानकडून ४-० ने हरली आणि आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी जपान पक्कं केलं. मी तो सामना पूर्ण पाहिला होता. चेंडू जवळजवळ सगळा वेळ स्पेनकडेच होता, जपानने मोजके प्रतिहल्ले करून गोल केले. ज्यांच्याकडे चेंडू राहतो त्या संघाला असा एखादा दिवस वाईट जातो, रोज जात नाही. मी स्पेन ठेवलं. सिडनीत त्यांनी इंग्लंडला १-० ने हरवलं. सलग दोनदा जिंकलेली अमेरिका तर स्वीडनकडून पेनल्टीवर आधीच बाहेर गेली होती. आकड्याआधी सामना बघा, एवढंच मागणं आहे.

डिचोली, गोवा

२००४ चा युरो. आमच्या मामांकडे सगळे पोर्तुगालचे. फिगो होता, एकोणीस वर्षांचा रोनाल्डो होता आणि स्पर्धा त्यांच्याच देशात. ग्रीसने त्याआधी कुठल्याही मोठ्या स्पर्धेत एक सामनासुद्धा जिंकला नव्हता. उद्घाटनाच्या सामन्यात त्यांनी पोर्तुगालला २-१ हरवलं आणि अंतिम सामन्यात पुन्हा १-० हरवलं. मधे फ्रान्स १-०, चेक प्रजासत्ताक १-०. असं भाकीत कुणी केलं असेल असं मला वाटत नाही आणि करायला हवं होतं असंही नाही. काही वर्षं हिशोबाबाहेरचीच असतात. १९९२ ला डेन्मार्क तर पात्रही ठरलं नव्हतं, युगोस्लाव्हियाच्या जागी ऐनवेळी बोलावलं आणि जिंकून गेलं.

नाशिक, गणित शिकवतो

वरच्या अनुभवाला आकड्यांची जोड देतो. मी दरवेळी अकरावीच्या मुलांना हे फळ्यावर करून दाखवतो. समजा एक संघ सामन्याला सरासरी १.६ गोल करतो, समोरचा १.०. प्वासाँच्या सूत्राने (सरासरीवरून किती गोल होण्याची शक्यता किती, हे काढायचं सूत्र) मांडलं तर बलवान संघ जिंकण्याची शक्यता साधारण ५१ टक्के, बरोबरी २५, हार २४. म्हणजे उघड उघड सरस असलेला संघही निम्म्याच वेळा जिंकतो. बास्केटबॉलमध्ये असं होत नाही, कारण तिथे गुण भरपूर होतात. इथे अख्ख्या सामन्यात सरासरी अडीच-पावणेतीन गोल. २०२२ ला ६४ सामन्यांत १७२ झाले.

आता यंदाचं. ३२ संघांची जादा फेरी आल्यामुळे बाद फेरीचे सामने चारऐवजी पाच झाले. प्रत्येक सामना जिंकण्याची ७० टक्के शक्यता असलेला जबरदस्त संघ धरा. चार सामन्यांत त्याची कप घेण्याची शक्यता २४ टक्के होती, पाच सामन्यांत ती १७ वर येते. तेव्हा कुणी छातीठोकपणे एकच नाव सांगितलं तर त्याला सहापैकी पाच वेळा निराश व्हायची तयारी ठेवायला सांगा. ऑक्टोपस पॉलने २०१० ला आठपैकी आठ बरोबर सांगितले, ती नाणेफेकीने २५६ मध्ये एकदा होणारी गोष्ट आहे. जगभर इतके प्राणी-पक्षी भाकितं करत असताना एखाद्याचं जमणारच.

तरीही २०२२ पर्यंतचे २२ वर्ल्ड कप फक्त आठ देशांत वाटले गेले आहेत, आणि परदेशी प्रशिक्षक असलेला एकही संघ त्यात नाही. हे मात्र मी यादी करताना वापरतो.

श्टुटगार्ट

२०१४, ब्राझील-जर्मनी. इथल्या मराठी मंडळींच्या तक्त्यात सगळ्यात धाडसी अंदाज ३-१ होता. नेमार जखमी, थिआगो सिल्वा निलंबित, हे सगळ्यांना माहीत होतं. २९ मिनिटांत जर्मनीचे पाच गोल झाले. शेजारचे जर्मन काका चौथ्या गोलनंतर ओरडायचे थांबले आणि "बस्स" एवढ्याच अर्थाने हात हलवत राहिले. त्या सामन्याचे गुण कुणालाच दिले नाहीत.

पुन्हा पुण्याहून

नाशिकच्या सरांचं वाचून माझा तक्ता बदलला. यंदा बारा गटांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या आठ संघांनाही पुढे जागा आहे. बारातून आठ निवडायच्या ४९५ तऱ्हा होतात, त्यामुळे गट संपेपर्यंत कुणाची गाठ कुणाशी, हे सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र ठरलेली आहे. ड्रॉ काढतानाच स्पेन आणि अर्जेंटिना वेगवेगळ्या बाजूला ठेवले आहेत, फ्रान्स आणि इंग्लंडही तसेच. चौघांनी आपापला गट जिंकला तर उपांत्य फेरीआधी ते एकमेकांसमोर येत नाहीत.

म्हणून आमच्याकडे यंदा भाकीत दोनदा घ्यायचं ठरलंय. एक ११ जूनला संध्याकाळी, मनाला वाटेल ते. दुसरं गट संपल्यावर, तक्त्यावर पेन्सिलीची रेघ मारून. माझं पहिलं स्पेन. कोल्हापूरकरांचं काय ते ठाऊक आहेच, बाकीच्यांनी खाली लिहा.