मानसिक आरोग्याच्या संस्थेवर विश्वस्त म्हणून कोणाला घ्यावं?

बालाघाट

आमच्या संस्थेत विश्वस्ताची एक जागा रिकामी झाली आहे आणि ती कोणाला द्यायची यावरून मंडळात सरळ दोन तट पडलेत. इथे संस्था चालवणारी माणसं आहेत, घरात आजार असलेलीही आहेत, म्हणून विचारतो.

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात, तालुक्याच्या गावी आम्ही मानसिक आजारांची ओपीडी चालवतो. डॉक्टर लातूरहून महिन्यातून दोनदा येतात. गोळ्या, महिन्याचं इंजेक्शन, घरच्यांशी बोलणं, एवढंच काम. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही, त्यामुळे आमच्या त्या दोन दिवसांवर कितीतरी घरं अवलंबून असतात. विश्वस्त सात. दोन डॉक्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक, एक औषध दुकानदार, एक प्राध्यापक आणि सचिव म्हणून मी. सातवे होते ते पावसाळ्यात वारले.

एक दानशूर गृहस्थ दोन खोल्या बांधून द्यायला तयार आहेत, पण त्यांच्या जावयाला मंडळात घ्या म्हणतात. दोघा विश्वस्तांना निवृत्त अधिकारी हवाय, कारण कलेक्टर कचेरीत वजन पडतं. माझं मत वेगळं आहे. ही जागा अशा माणसाला द्यावी ज्याने हा आजार स्वतः काढलाय आणि जो आज आपल्या पायावर उभा आहे.

हे मत कुठून आलं ते सांगतो. दोन वर्षांखाली आम्ही ओपीडीचा वार बदलला. आधी ती बाजारच्या दिवशी असायची. गर्दी व्हायची, गोंगाट व्हायचा, डॉक्टरांची गाडी बाजारात अडकायची, म्हणून ठराव करून शनिवार केला. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. दोन महिन्यांत रांग निम्म्यावर आली. आम्ही म्हणालो, लोक ऊसतोडीला गेलेत. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची गावंच्या गावं कोयता घेऊन बाहेर पडतात, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मग एक बाई आली, लेकाच्या जुन्या चिठ्ठ्या दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी करून आणते ती. म्हणाली, "सर, बाजारच्या दिशी येताव तवा कुणी इचारत नाही. मिरच्या आणायला चाललाव म्हणलं की झालं. शनवारी येष्टीत बसलं की सगळं गाव इचारतंय, लेकराला घिऊन कुठं चाललीस?"

आम्हा शिकलेल्या माणसांत एकालाही हे सुचलं नव्हतं. ज्याला लपूनछपून यावं लागतं त्यालाच ते ठाऊक.

हिशेबनीस

सर, बाजाराच्या वाराची गोष्ट पटली. तिच्यावरून तुम्ही जे ठरवताय ते पटलं नाही.

मी लातूरला वीस वर्षं ट्रस्टचे हिशेब बघतो. विश्वस्त म्हणजे सही आणि सहीमागची जबाबदारी. तुमचे विश्वस्त वारले, त्या बदलाचा अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेला का? नवा विश्वस्त घेतलात की पुन्हा तेच: ठराव, संमतीपत्र, फेरफार अर्ज. दरवर्षीचं लेखापरीक्षण आहे, आयकर सवलतीच्या नोंदणीचं नूतनीकरण आहे, कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकामाचा निधी घ्यायचा तर त्याची नोंदणी वेगळी. मी एका संस्थेत पाहिलंय, चार वेळा विश्वस्त बदलले आणि एकाही बदलाचा अर्ज केला नाही. पुढे आपसात वाद झाला, बँकेने सह्या मानायला नकार दिला आणि नर्सबाईंचा पगार पाच महिने थांबला. मनाने सगळी सोन्यासारखी माणसं होती ती. कागद कोणी वाचत नव्हतं.

रुग्णांचं ऐकायचं तर त्यांची सल्लागार समिती करा, तीन महिन्यांनी बसवा, चहा-पोहे द्या, लिहून घ्या. मंडळात हिशेब आणि कायदा कळणारा माणूस घ्या. आणि खोल्यांबद्दल स्पष्ट बोलतो. वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांचा पैसा तुमच्या डोंगरापर्यंत किती पोचतो ते तुम्हीच बघताय. जावयाला घ्या. सातांत एक मत, त्याने काय आभाळ कोसळत नाही.

बालाघाट

फेरफार अर्ज गेलाय, पोच फाईलला लावली आहे.

समितीबद्दल. आम्ही ओपीडीत वही ठेवली होती, सूचना लिहा म्हणून. पानामागून पान एकच वाक्य, "सगळं चांगलं आहे साहेब." फुकट गोळी घेणारा माणूस गोळी देणाऱ्याच्या तोंडावर कशी तक्रार करील? त्या बाईनेही दोन महिने काही सांगितलं नव्हतं, इंजेक्शन चुकून पोरगं बिघडलं तेव्हा बोलली. ज्याला मत आहे तो ठरावाच्या वेळी "थांबा" म्हणू शकतो. समितीला ठराव झाल्यावर कळतं.

गोदातीर

नांदेडहून लिहितो. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, चौदा वर्षं झाली. बालाघाट सरांचा हेतू चांगला आहे, पण मला भीती वाटते.

मंडळाच्या बैठका कशा होतात ते आपण सगळे जाणतो. आवाज चढतो, जुनी उणीदुणी निघतात, कोणी राजीनामा टेबलावर टाकतो. माझ्या भावाला घरातलं भांडणसुद्धा सोसत नाही. त्याची दोन रात्री झोप गेली की पुढचे दोन महिने माझ्या डोळ्यांपुढे उभे राहतात. तुमच्या मंडळातल्या कटकटीने माणूस पुन्हा आजारी पडला तर निस्तरणार कोण? घरचेच ना?

म्हणून मी म्हणतो, घरच्या माणसाला घ्या. आई, भाऊ, बायको. आजार त्यांनीही काढलेला असतो. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन डॉ. जगन्नाथ वाणींनी उभी केली, त्यांच्या पत्नीला हा आजार होता. घरच्या माणसाने केलेलं काम किती टिकतं ते तिथं दिसतं.

मांजराकाठची

गोदातीर दादा, तुम्ही भावासाठी जे करताय त्याची मला किंमत आहे. माझ्यासाठी माझ्या आईने तेच केलं. तरी सांगते, घरचा माणूस म्हणजे रुग्ण नव्हे.

मला बायपोलर आहे. नऊ वर्षं औषध चालू आहे, सहा वर्षं नोकरी. पहिल्यांदा मला दाखल केलं तेव्हा गाडीत बसेपर्यंत कोणी मला सांगितलं नव्हतं आपण कुठे चाललोय. घरच्यांना विचारलं तर ते आजही म्हणतील, दुसरा इलाज नव्हता. त्यांच्या जागी ते खरं असेल. पण "दाखल करण्याआधी रुग्णाला काय सांगायचं" हा विषय मंडळापुढे आला तर आई एक बोलेल आणि मी दुसरं. दोघींची गरज आहे. एकीला घेऊन दुसरीचं भागलं असं समजू नका.

आता बालाघाट सर, तुमच्याशीही बोलायचं आहे. एका संस्थेने मला "अनुभवी प्रतिनिधी" म्हणून समितीत घेतलं होतं. बैठकीचे कागद मला कधी आधी मिळाले नाहीत. हिशेबाचा विषय निघाला की म्हणायचे, ताई, तुम्ही दमला असाल, चहा घेऊन या. आणि कार्यक्रम असला की बॅनरखाली उभं करून "तुमची कहाणी सांगा". तिसऱ्या वेळी मी सांगायला उभी राहिले आणि समोर माझ्या मुलाच्या शाळेतल्या बाई बसलेल्या. मला आठवतंय, माइकची वायर हातात घट्ट धरली होती आणि तळव्यावर तिचा वळ उठला होता. त्यानंतर मी गेले नाही.

म्हणून आधी सांगा, ज्याला घ्याल त्याच्या आजाराचं नाव गावाला कळणार का? जाहिरातीत "आजारातून बरी झालेली व्यक्ती" असं छापलंत की निवडलेल्या माणसाच्या कपाळावर ते लिहिलंच समजा. तुमच्या तालुक्याच्या गावात कोण कोणाला ओळखत नाही?

एकटं माणूस घेऊ नका. दोघं असतील तर एकजण आजारी पडला, रजेवर गेला, तरी जागा बोलती राहते.

कायद्याचं बोलू

परभणीत वकिली करते. दोन मुद्दे राहून गेलेत म्हणून लिहिते.

सर, आधी तुमच्या संस्थेची घटना काढून वाचा. जुन्या घटनांत हमखास एक ओळ असते, "वेडसर किंवा विकल मनाची व्यक्ती विश्वस्त राहू शकणार नाही." उद्या मंडळात बिनसलं की तेवढीच ओळ काढून कोणीही त्या माणसाविरुद्ध अर्ज ठोकेल. कायदा त्याच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ३(५) सांगतं की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून माणूस विकल मनाचा ठरत नाही, सक्षम न्यायालयाने तसं ठरवलेलं असावं लागतं. करार कायदा तर १८७२चा. त्याचं कलम १२ही म्हणतं की एरवी मन ठिकाणावर नसणारा माणूस मन ठिकाणावर असताना करार करू शकतो. पण कायदा बाजूने असणं वेगळं आणि त्यासाठी त्या बिचाऱ्याने तारखांना खेटे घालणं वेगळं. ती ओळ आधी दुरुस्त करून घ्या, माणूस नंतर घ्या.

दुसरं, "रुग्णाला निर्णयात कशाला बसवायचं" हा वाद संसदेने संपवलाय. याच कायद्याच्या कलम ७४खाली जी पुनर्विलोकन मंडळं आहेत, त्यांत जिल्हा न्यायाधीश दर्जाचे अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचे प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि त्यांच्या बरोबरीने दोन जागा रुग्ण, काळजीवाहक किंवा त्यांच्या संघटनांसाठी ठेवल्यात. कलम ८९खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाच्या, अर्जावर माणसाला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं, त्याविरुद्ध दाद या मंडळाकडे मागायची. माणसाच्या मोकळेपणाचा निवाडा करणाऱ्या मंडळात रुग्ण बसू शकतो. ओपीडीचा वार ठरवणाऱ्या मंडळात का नको?

तेरणाकाठ

मी किल्लारीच्या बाजूचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे मी सातवीत होतो.

भूकंपानंतर नवी गावं वसली. घरं भक्कम दिली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण आखणी शहरासारखी, सरळ रेषेत, रुंद रस्ते, एक घर इकडं तर एक तिकडं. जुन्या गावात माझ्या आजीची ओसरी आणि शेजारच्या काकूंची ओसरी यांच्यात चार पावलं होती, कोणाला झोप लागत नाही ते न सांगता कळायचं. नव्या गावात आजी दारात एकटी बसायची. आखणाऱ्यांत हुशारीची कमी नव्हती. त्या ओसरीवर बसलेलं कोणी त्यांच्यात नव्हतं.

हिशेबनीस साहेब, पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून चालू आहे. तिथं व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे काम सांभाळायला लागली. तुम्ही ज्या जबाबदारीची काळजी करताय ती अशी माणसं पेलतात.

हिशेबनीस

तेरणाकाठ, मुक्तांगणची माणसं कामावर आहेत, पगारावर आहेत, रोज शिकतायत. विश्वस्त वर्षातून चार वेळा येतो आणि नोटीस आली की त्याच्या नावाने येते. हा फरक मी सोडणार नाही.

वकीलताईंचा घटनेचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. आणि मांजराकाठच्या ताईंनी हिशेबाच्या वेळी चहाला पाठवल्याचं लिहिलंय, ते वाचून वाईट वाटलं. मी बघतो त्या संस्थांत बायका-विश्वस्तांना असंच उठवतात, आजार असो नसो, आणि मी खाली मान घालून ताळेबंद वाचत राहिलोय. तेव्हा एवढं म्हणतो, घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षी बँकेच्या सह्या दुसऱ्या तिघांच्या ठेवा, आणि नव्या माणसाला ताळेबंद वाचायला कोणीतरी शिकवा. दोन तासांचं काम आहे. सातांतल्या किती जणांना तो वाचता येतो तेही याच निमित्ताने कळेल.

खोल्यांचं माझं मत कायम आहे. उन्हाळ्यात तुमचे रुग्ण पत्र्याखाली बसतात की नाही?

बालाघाट

बसतात. गेल्या मे महिन्यात एक म्हातारबा रांगेत चक्कर येऊन पडले. म्हणूनच मला त्या खोल्यांना सहज नाही म्हणवत नाही, रोज विचार करतो. पण जावयाची ही जागा कोणी काम पाहून दिलेली नसेल, खोल्यांच्या बदल्यात घेतलेली असेल. उद्या त्याच खोल्यांत त्यांचं दुसरं काही सुरू झालं तर त्याला "नाही" कोण म्हणणार?

गोदातीर

काल रात्री भावाला हा विषय सांगितला. तुला कोणी असं बोलावलं तर जाशील का, विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बैठक सकाळी असंल तर जमणार नाही. रात्रीच्या गोळीनं अकरापर्यंत डोकं जड राहतं."

चौदा वर्षं मी त्याला सकाळी सातला उठवायला जातो आणि तो उठत नाही म्हणून भांडतो. आळशी म्हणतो. त्याने आजवर हे सांगितलं नव्हतं, का मी विचारलं नव्हतं, माहीत नाही.

माझी भीती गेलेली नाही. पण भावाऐवजी मीच त्याच्या बाजूने बोललेलं चालेल, हे मी जे लिहिलं होतं ते आज लिहिलं नसतं.

बालाघाट

गोदातीर भाऊ, आमची बैठक आजवर सकाळी नऊलाच होते. डॉक्टरांच्या सोयीने.

घटना काढून पाहिली. वकीलताई म्हणाल्या ती ओळ आहे, नवव्या कलमात, जवळजवळ त्याच शब्दांत. आधी सर्वसाधारण सभेपुढे तिची दुरुस्ती ठेवतो. जागा एकच रिकामी आहे, पण प्राध्यापक सरांची मुदत चैत्रात संपतेय आणि ते स्वतःच मोकळे व्हायचं म्हणतात, तेव्हा दोन जागा मिळून भरता येतील. जाहिरात छापणार नाही. ओपीडीतल्या आणि घरच्यांच्या बैठकीतल्या माणसांशी एकेकाला बाजूला घेऊन बोलेन. ज्याला घेऊ त्याच्या आजाराबद्दल मंडळाबाहेर त्याच्या परवानगीशिवाय अवाक्षर निघणार नाही, तसा ठराव इतिवृत्तात लिहून घेईन. कागद आठ दिवस आधी, मराठीत. येण्याजाण्याचं भाडं संस्थेकडून. बैठक दुपारी दोनला. सह्यांचं हिशेबनीसांनी सुचवलं तसं. ताळेबंद शिकवायला तेच आले तर आम्हाला आनंद आहे, लातूरहून दीड-दोन तासांचा रस्ता आहे.

दोन्ही डॉक्टर अजून तयार नाहीत. एकजण म्हणाले, माझ्या पेशंटने माझ्या शेजारी बसून मला प्रश्न विचारायचे का? मी हो म्हणालो. ते उठून गेले नाहीत, एवढं खरं.

खोल्यांचं उत्तर द्यायला गुरुवारी मी स्वतः जाणार आहे. जावयाला वगळून देणार असाल तर द्या, असं त्यांच्या घरात बसून सांगायचं आहे, आणि माणूस वयाने माझ्या वडिलांएवढा आहे. मांजराकाठच्या ताई, तुम्ही लातूर जिल्ह्यातल्याच असाल तर एक विचारायचं होतं, पण ते इथे नको. निरोप पाठवला आहे.