वाडग्यात आंघोळ करणारा डोळा आणि नागुरा गाव: 'किटारो'चा पूर्वभाग इतका भीषण हवा होता का?

(रसभंग होणार आहे. सिनेमा पाहायचा असेल तर पुढे वाचू नका.)

'गेगेगे नो किटारो' ही किटारो नावाच्या भूत-मुलाची जपानी ॲनिमेशन मालिका. तिची २०१८ ते २०२० मधली आवृत्ती आमच्याकडे रात्रीच्या जेवणाबरोबर चालायची. किटारोचे बाबा म्हणजे डोक्याच्या जागी नुसता एक डोळा असलेला इवलासा जीव. वाडग्यात कढत पाणी ओतलं की स्वारी आत उतरते आणि सुखावते. माझी मुलगी दरवेळी खुदकन हसायची. उंदीरमाणूस नेझुमी-ओतोको पैशासाठी कुणालाही टोपी घालणार आणि शेवटी स्वतःच तोंडघशी पडणार, हेही ठरलेलं. शीर्षकगीतातच आहे की भुतांना शाळा नाही, परीक्षा नाही.

मग आला २०२३चा सिनेमा 'किटारो तान्जो' (म्हणजे किटारोचा जन्म), मालिकेच्या आधीची गोष्ट सांगणारा. साल १९५६. रक्तपेढीत नोकरी करणारा मिझुकी 'एम' नावाच्या औषधाचं गुपित शोधत नागुरा गावात येतो, तर किटारोचे धडधाकट, उंचपुरे बाबा हरवलेल्या बायकोला शोधत. ते औषध बनतं पकडून ठेवलेल्या भुतांच्या रक्तातून. त्यात खून, आजोबाकडून सायो या नातीवर अत्याचार. हसवणाऱ्या मालिकेच्या गळ्यात हे का बांधायचं? ती आंघोळ आता मला पूर्वीसारखी बघवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रतिसाद १

साफ असहमत. गळ्यात बांधलेलं काही नाही, ते मुळातच होतं. १९६०च्या सुमारास भाड्याने मिळणाऱ्या चित्रकथांत याचं नाव 'हाकाबा किटारो', म्हणजे स्मशानातला किटारो. बापाचं शरीर सडतं आणि पोरासाठी जीव तुटतो म्हणून डोळा तेवढा जिवंत राहतो, ही मूळ कथा आहे. १९६८ साली टीव्हीवर येताना नाव सौम्य झालं, विनोद वाढला.

आणि लेखक कोण, तर शिगेरू मिझुकी. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या राबाउलच्या आघाडीवर डावा हात गमावलेला सैनिक. सिनेमातला मिझुकीही 'मरून या' असा हुकूम मिळालेल्या तुकडीतून वाचलेला. सुरुवातीचा आगगाडीचा प्रसंग आठवा. डब्यात धूर कोंदलाय, एक लहान मुलगी खोकतेय, पुरुष मात्र खुशाल सिगारेटी ओढताहेत. रक्ताचा थेंब नाही, पण सगळा सिनेमा तिथेच कळतो. दमलेल्या माणसाला झोपेविना राबवणारं औषध लागतं ते याच समाजाला.

प्रतिसाद २

काळोखाला माझी हरकत नाही, सायोच्या वाट्याला जे आलं त्याला आहे. टोकियोला जायचं स्वप्न बघणारी ही मुलगी. तिच्यावर काय गुजरलंय ते दोन-चार वाक्यांत उरकलं, लगेच तिच्या हातून माणसं मारवली आणि तिलाही संपवलं. मिझुकीच्या युद्धाच्या आठवणींना जेवढा वेळ मिळाला त्याच्या निम्मा तरी तिला हवा होता. तिचं दुःख मिझुकीचे डोळे उघडण्यापुरतं वापरलंय.

धागाकर्ती

सायोबद्दल शंभर टक्के सहमत.

प्रतिसाद १, मूळ चित्रकथेचं मान्य. पण टीव्हीवरचा किटारोही पन्नास वर्षांहून जुना आहे. कित्येक पिढ्यांसाठी तोच खरा, त्याला वरचा मुलामा कसं म्हणणार? जपानमध्ये सिनेमाला आधी बारा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या मार्गदर्शनाची अट होती, २०२४च्या सुधारित आवृत्तीला तर पंधराच्या आतल्यांना प्रवेशच नव्हता. मालिका बघणारं पोर बाहेरच राहिलं ना?

प्रतिसाद १

पोर मोठं होईल तेव्हा बघेल. आंघोळीचं म्हणाल तर माझं उलट झालंय. मेलेल्यांचा सगळा आक्रोश त्या बापाने स्वतःच्या अंगावर घेतला, पोराला जगता यावं म्हणून. शरीर गेलं ते त्यात. आता वाडग्यात पाणी ओतलेलं दिसलं की वाटतं, ओता, अजून थोडं गरम ओता.

धागाकर्ती

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. तरी मुलगी पंधराची होईपर्यंत सिनेमा तिला दाखवणार नाही.