राणी कलर आणि "सोबर दाखवू का?"

बोरकूट : काल लक्ष्मी रोडला भाचीच्या साखरपुड्यासाठी साडी बघत होते. राणी कलरच्या गठ्ठ्याला हात लावला तर दुकानातला पोरगा म्हणतो, "काकू, तुमच्यासाठी सोबर दाखवू का?" आणि एकदम चौथीतलं गॅदरिंग आठवलं. कोळीनृत्य, सगळ्याजणी राणी रंगात, मी शेवटच्या रांगेत. घरी आले तर आजी म्हणाली, "सावळ्या पोरीनं असलं भडक घालू नये, रंग अजून दबतो." पुढची तीस वर्षं बदामी, मातकट, फार तर फिकट अबोली. लग्नाचा शालूसुद्धा श्रीखंडी! काल घेतली मी. राणीच. ब्लाऊज शिवायला टाकून आले आणि आता धडधडतंय. तुमच्याकडे आहेत का असले किस्से? लिहा.

चहाबाज : सोबर म्हणजे चिखलाच्या सतरा छटा 😂

खिडकीतली सीट : नवरात्रात आमचा लेडीज डबा बघा. सोमवार पांढरा, मंगळवार लाल हे आता पोराटोरांनाही पाठ. शनिवारच्या राखाडीची मात्र दरवर्षी पंचाईत. क्लिपा-टिकल्या विकणारी एक ताई आहे, साड्या दोनच. ती विकायच्या मालातला त्या दिवसाच्या रंगाचा एक रबर केसाला लावते आणि उतरताना परत पुठ्ठ्याला अडकवते. राखाडीला केस मोकळेच होते. म्हटलं, आज काय? तर खांद्यावरचं मळकं पोतं दाखवून म्हणाली, "हे काय, हाय की!"

कोर्टाची पायरी : नागपूर. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळ्या कोटाची सक्ती नाही, हायकोर्टात आहे. एप्रिलात पाठीवर तवा बांधल्यासारखं वाटतं. संक्रांतीला बायको काळा झब्बा काढून ठेवते, काळा ऊब धरतो म्हणे. अगं, मला वर्षभराची पुरली आहे! रविवारी मी लिंबू कलरचा टीशर्ट घालतो. परवा भाजीबाजारात एक पक्षकार भेटला, बराच वेळ बघत राहिला. मग हळूच, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

शेवाळी : आईचं लिहिते. बाबा गेले त्या दिवशी बायकांनी तिचा चुडा फोडला. एक काच मनगटात रुतली, तो वण अजून आहे. त्यानंतर हिरवा रंगच गेला घरातून, अगदी माझ्या डोहाळेजेवणातही ती माझ्या हिरव्या साडीला हात न लावता लांब बसली होती. तिचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तेव्हा पेपर घडी करत एवढंच म्हणाली, "उशीर झाला गं." आणि महिनाभरानं एकटीच कासाराकडे जाऊन बांगड्या भरून आली. मी बघतच राहिले. तर म्हणे, "हिरव्या नाहीत, पोपटी आहेत." कुकर झाला, पळते.

चहाबाज : "पोपटी आहेत" 😭 काकूंना नमस्कार सांगा.

दोन पोरांची आई : विषय सोडून विचारते, नवीन लाल कुर्ता आणि लेकाचा शाळेचा पांढरा शर्ट एकत्र टाकला मशीनला. शर्ट गुलाबी. उद्या पीटी आहे. काही उपाय??

खिडकीतली सीट : वाळू देऊ नका! ओला आहे तोवर परत धुवा, एकटाच.

कोर्टाची पायरी : आमच्याकडे बनियनं गुलाबी झाली होती. दोन वर्षं वापरली. कोटाच्या आत कोणाला दिसतंय!

बर्फातली भाकरी : टोरांटो. जानेवारीत बसस्टॉपवर सगळी रांग काळ्या जाकिटांची. पाच वाजता अंधारायला लागतं, त्यात आपणही काळे. पहिल्या हिवाळ्यात मी विनाकारण रडायचे. रंगामुळे असं नाही म्हणत, पण दुसऱ्या वर्षी सेलमधून हळदी रंगाचं जाकीट उचललं. नवरा म्हणाला, "जेजुरीला निघालीस का?" असू दे. लेक पाळणाघराच्या काचेतून मला लांबूनच ओळखते आणि बूट घालायला लागते, मी पोचेपर्यंत एक पाय झालेला असतो.

दोन पोरांची आई : निघाला!! जवळजवळ. कॉलरला आहे थोडा. पोरगं म्हणतंय गुलाबीच बरा होता, परत कर.

शेवाळी : 😄 करून द्या त्याला. बोरकूट, काठ कसला आहे साडीचा?

बोरकूट : चिंतामणी.

चहाबाज : म्हणजे मोरपंखीच ना?

शेवाळी : नाही हो! मोरपंखीत हिरवा मारतो. चिंतामणी निळ्याकडे जातो.

खिडकीतली सीट : आमच्या आत्या आकाशीलाही चिंतामणी म्हणायच्या.

कोर्टाची पायरी : पुरावा सादर करा. फोटो टाका.

बोरकूट : शिंप्यानं मंगळवार सांगितलाय. म्हणजे शुक्रवार धरा.