मदत हवी आहे: कॅशलेस मंजूर झालं, तरी 61,100 रुपये भरायला सांगतायत

गोदाकाठ
वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. नाशिकला गंगापूर रोडला ॲडमिट आहेत. बिल 1,46,000 आणि कंपनीने मंजूर केले 84,900. बाकीचे भरा, मग डिस्चार्ज, असं काउंटरवर सांगतात. पॉलिसी बिलापेक्षा कितीतरी मोठी आहे, मग कापलं कशाला? सकाळी दहापासून बसलोय. भरू की नको, तेवढं सांगा.

क्लेमवाचक
पॉलिसी किती लाखांची? रूमचं रोजचं भाडं किती? पॉलिसीत भाड्याची मर्यादा किती? हे आकडे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. मंजुरीपत्रासोबत कपातीचा तक्ता असतो, तो हॉस्पिटलमधल्या टीपीए (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) डेस्ककडून मागून घ्या.

सातपूरकर
भाऊ, पैसे भरा आणि वडिलांना घरी न्या. नंतर रिइम्बर्समेंट (भरलेले पैसे परत मागायचा क्लेम) टाका, मिळतात.

क्लेमवाचक
असे मिळत नाहीत. कॅशलेसमध्ये कापलेली रक्कम म्हणजे कंपनीने तपासून नाकारलेली रक्कम. तीच बिलं परत पाठवलीत तर तेच उत्तर येईल. कुठल्या ओळीत चूक झाली ते दाखवून फेरविचार मागावा लागतो.

शिधापत्रिका
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत का नाही केलं? कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, आता कुठलंही रेशनकार्ड चालतं.

द्वारका_सर्कल
ती योजना अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयातच चालते, आणि तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या माणसाकडे, नोंदणी उपचाराआधी करावी लागते. ऑपरेशन होऊन बिल हातात आल्यावर तिचा काय उपयोग? गोदाकाठ, अंतिम बिल कंपनीकडे किती वाजता गेलं ते विचारा. मे 2024 च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामक) परिपत्रकानुसार डिस्चार्जची मंजुरी 3 तासांत द्यायची असते. त्यापुढच्या उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची.

गोदाकाठ
मंजुरी एक वाजताच आली, अडलंय ते पैशांवर. पॉलिसी 3 लाखांची. प्रायव्हेट रूम, 5,000 रोज, 4 दिवस. भाड्याची मर्यादा रोज पॉलिसीच्या रकमेच्या 1 टक्का लिहिली आहे, म्हणजे 3,000. म्हणजे रोज 2,000 जास्त, चार दिवसांचे 8,000. ते मान्य आहेत. पण 61,100 कसे?
तक्ता मिळाला:
रूम 20,000, मंजूर 12,000
सर्जन, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), व्हिजिट मिळून 75,000, मंजूर 45,000
औषधं आणि कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू) 32,000, मंजूर 19,200
तपासण्या 14,500, मंजूर 8,700
इतर 4,500, मंजूर शून्य

क्लेमवाचक
आता कळलं. याला प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे प्रमाणशीर कपात म्हणतात. हक्क 3,000 चा, रूम घेतली 5,000 ची, म्हणजे 60 टक्के. महागड्या रूमबरोबर सर्जनची आणि व्हिजिटची फीही वाढते असं धरून ते खर्चही 60 टक्क्यांवर आणतात. पॉलिसीत तसं लिहिलं असेल तर ते नियमात बसतं.

पण आयआरडीएआयच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट, उपकरणं आणि निदानाच्या तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. तुमच्या तक्त्यात औषधांवर 12,800 आणि तपासण्यांवर 5,800 कापलेत. हे 18,600 चुकीचे आहेत.

दुसरं, हॉस्पिटल जे शुल्क सगळ्या रूमना सारखंच लावतं, त्यालाही ही कपात लागू होत नाही. रेटकार्ड मागा. 2021 च्या शुश्रूषागृह नियमांनुसार दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.

पंचवटी_निवासी
म्हणूनच 20 लाखांचा सुपर टॉप-अप (मूळ पॉलिसीच्या वरची जादा पॉलिसी) घ्यावा. हप्ता कमी असतो आणि आता वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही.

द्वारका_सर्कल
सुपर टॉप-अप वर्षाचा खर्च वजावटीच्या (ठरलेल्या) रकमेपुढे गेल्यावर सुरू होतो. वजावट मूळ पॉलिसीइतकी, 3 लाखांची असेल तर 1,46,000 च्या बिलात तो उघडणारच नाही. इथे नड रूमभाड्याच्या मर्यादेची आहे. पुढच्या वेळी ॲडमिट करताना टीपीए डेस्कला "आमच्या मर्यादेत कुठली रूम बसते" हे आधी विचारा.

सातपूरकर
पण आत्ता काय करायचं? माणूस अडकलाय आणि तुम्ही टक्के मोजताय.

क्लेमवाचक
टक्के मोजल्याशिवाय 18,600 सापडले नसते. आत्ता टीपीए डेस्ककडून कंपनीला मेल पाठवायला लावा, स्वतःही पाठवा. क्लेम नंबर, तक्ता, औषधं व तपासण्यांची सुटी बिलं, आणि एकच मागणी: "या दोन ओळींवरची प्रमाणशीर कपात रद्द करून सुधारित मंजुरी द्यावी." आज उत्तर आलं नाही तर पैसे भरा, पण पावती घ्या आणि "कपात मान्य नाही" असं लेखी कळवा.

"इतर" मध्ये काय आहे तेही बघा. सोबत्याचं जेवण तुमच्याकडेच. पण फाइल आणि नोंदणीचे पैसे रूमच्या किंवा उपचाराच्या खर्चातच धरायचे असतात. ते वेगळे लावले असतील तर हॉस्पिटलकडून कमी करून घ्या.

द्वारका_सर्कल
आणि पैशांच्या वादापायी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, हे रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे. शहरातल्या खासगी हॉस्पिटलची नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. तक्रार तिथे लेखी द्या, काउंटरवर आवाज चढवून काही होत नाही.

गोदाकाठ
साडेपाचला सुधारित पत्र आलं. 18,600 वाढवले, मंजुरी 1,03,500. नोंदणी आणि फाइलचे 1,500 हॉस्पिटलने काढले. 41,000 भरले, आता घरी निघालोय. रेटकार्डवर ओटीचे 18,000 सगळ्या रूमना सारखेच दिसतात, सर्जन, भूल आणि व्हिजिटचे मात्र वेगवेगळे आहेत.

क्लेमवाचक
मग ओटीवर कापलेले 7,200 अजून येणं आहेत. रेटकार्डचा स्पष्ट फोटो काढा, त्यावर हॉस्पिटलचा शिक्का घ्या आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. कापलेल्या रकमेसाठी पॉलिसीतलं नेमकं कलम विचारा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे (कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे) जा. नाशिकला पुणे कार्यालय लागतं. फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या नकारापासून 1 वर्षाच्या आत जावं लागतं.

डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि यापुढच्या औषधांची बिलं प्रिस्क्रिप्शनसकट जपून ठेवा. डिस्चार्जनंतर किती दिवसांचा खर्च मिळतो ते पॉलिसीत बघा, बऱ्याच पॉलिसींत 60 दिवस असतात. तो क्लेम वेगळा टाकायचा.