सहा नव्हे, पाचच भरा

दादा, तुम्ही म्हणता की जुन्या सिंगल-अ‍ॅक्शन (दर बाराआधी घोडा हाताने मागे ओढावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरचा घोडा, म्हणजे मागचा हातोडा, पहिल्या खाचेवर ठेवला की सहाही काडतुसं भरून रानात फिरता येतं. कृपा करून असं करू नका. कोल्ट कंपनीच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बार उडवणारी पिन घोड्यालाच असते, घोडा खाली असला की ती थेट काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर टेकते. ती खाचही नाजूक. हत्यार पडून घोड्याच्या बाजूने आपटलं तर मोडू शकते आणि बार उडतो. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात काजूच्या उतारावर पाय घसरणं रोजचंच! म्हणून पाचच काडतुसं, घोड्याखाली रिकामं घर. रुगर कंपनीने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार (चाप ओढल्यावरच घोड्याचा ठोका पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) आणला, त्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा चालतात. पण जुन्या रुगरमध्ये तो बसवलेला नसेल तर तिथेही पाचच. आणि म्यान घेताना घोड्यावरून पट्टा येतो ना, तेवढं बघा.